पुठ्ठ्याआडची लँडमास्टर

जुने फोटो घेऊन कोणी आलं की आधी माणसं दाखवतं. हे आजोबा, ही आत्या, हा कडेवरचा म्हणजे आमचे वडील. मी ऐकून घेतो, पण माझं लक्ष मागं असतं. मागं मोटार उभी असली की समोरच्या माणसांना जरा बाजूला सरका असं म्हणावंसं वाटतं. ती काही सरकत नाहीत. इतकी वर्षं तिथंच उभी आहेत बिचारी, मी सांगून थोडीच हलणार.

आणि कोणी "मागं कोणतीतरी काळी गाडी आहे" असं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. कोणतीतरी म्हणजे काय? आपल्या आजोबांना कोणी "कोणतातरी म्हातारा" म्हटलं तर चालेल का? नीट पाहावं. दिवे मडगार्डवर वेगळे, दांडीवर ठेवल्यासारखे उभे असतील तर मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. दिवे मडगार्डाच्या पोटात बसवलेले असतील तर बहुतेक नंतरची. पुढच्या काचेला मधोमध दांडी आहे की काच सलग आहे, दाराखाली पाय ठेवायची फळी आहे की नाही, स्टेपनी बाजूला लटकते की मागं डिकीत गेली, एवढं बघायला काही फार अक्कल लागत नाही. पण बघतं कोण?

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत माझ्या एका मित्राचं फोटोला फ्रेम करायचं दुकान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. त्याचे वडील आमच्या लहानपणी जंगलात फिरून फोटो काढायचे. आम्ही दोघं एकाच वयाचे, लहानपणापासूनचे. गिऱ्हाईक जुना फोटो घेऊन आलं की तो माझ्याकडं सरकवतो आणि मी खिशातलं भिंग काढतो. एकदा एका घरचे लोक आजी-आजोबांच्या लग्नातला म्हणून फोटो घेऊन आले. मागची मोटार पाहून मी सांगितलं, लग्नातला नाही, ही मोटार त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. मग घरात वाद लागला की फोटोतली नवरी आहे तरी कोण. ती आजीची धाकटी बहीण निघाली. लोक गेल्यावर मित्र म्हणाला, "भाऊ, लोकायच्या घरात अशी काडी लावून देत नोका जाऊ." मी म्हटलं, "काडी मी लावली काय? मोटार बोलून राह्यली, मी नाई." तेव्हा मला मोठी मजा वाटली होती.

हा नाद मला चांद्याच्या जंगलात लागला. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्याचाच एक तालुका होता. माझे बाबा सागवानाच्या एका ठेकेदाराकडं मुनीम होते. आलापल्लीच्या पुढं त्यांचा लाकडाचा डेपो होता आणि डेपोच्या कडेला कुडाच्या भिंतींचं आमचं घर. पावसाळाभर रस्ता बंद. नाले उतरले, गाडीवाट वाळली की पहिल्यांदा मोटार यायची ती ठेकेदाराची. ती दिसायच्या कितीतरी आधी कुत्री उठून बसायची. मग आवाज, मग धूळ, मग सागाच्या थप्प्यांमधून ते काळं नाक. मी धावत जाऊन तिच्या गरम बॉनेटजवळ उभा राहायचो. त्या पेट्रोलच्या वासानं माझं पोट भरायचं, खोटं नाही सांगत.

थंडीच्या दिवसांत ठेकेदाराबरोबर त्याच मोटारीतून माझ्या मित्राचे वडील यायचे, कॅमेऱ्याची पेटी आणि तिपाई घेऊन. चांद्याला त्यांच्याकडं महाल-बगिचा रंगवलेला पडदा होता, पण तो जंगलात कुठं नेणार? म्हणून ते माणसांना मोटारीजवळ उभं करायचे. आमच्या भागात मग तशी रीतच पडली. जन्मात मोटारीत न बसलेली माणसं मोटारीजवळ उभी राहून फोटो काढायची. आणि प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "हात मडगार्डवर ठेवा, म्हणजे अंग हलणार नाई." म्हणून त्यांच्या सगळ्या फोटोंत बायांचा एक हात मडगार्डवर असतो, बोटांची टोकं फक्त टेकलेली, तवा गरम आहे की नाही पाहावं तशी.

आमच्या घरीही असा एक फोटो होता. माझ्या आईचा. एकच.

आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. त्रेपन्न सालचा उन्हाळा होता, मोहफुलं वेचायचे दिवस. ताप आला, चांद्याला न्यायला मोटार नव्हती, बैलगाडीनं निघाले आणि वाटेतूनच परत आले. हे सगळं मला बाबांनी सांगितलं म्हणून ठाऊक. मला स्वतःला आठवतं ते तिचं लुगडं. रुईफुली काठाचं. त्या काठाला धरून मी झोपायचो, तो काठ गालाला खरखरीत लागायचा. तिचा चेहरा आठवायचा मी किती प्रयत्न केला आयुष्यभर, पण चेहऱ्याच्या जागी तो काठच येतो.

ती गेल्यावर मला गोंडपिपरीकडं आईच्या माहेरी ठेवलं. तिथं धानाच्या शेतात मी दीड-दोन वर्षं काढली. दरम्यान बाबांनी आईच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. आमच्याकडं तसं करत. घरातलं लेकरू परक्या बाईच्या हाती जाऊ नये म्हणून. मग मला डेपोवर परत आणलं. मावशी दारात उभी होती. मला ती मावशी म्हणूनच माहीत होती, आणि मी तिला शेवटपर्यंत मावशीच म्हटलं. कोणी कधी "तिला माय म्हण" असं सांगितलं नाही. तिनंही नाही.

त्या दिवशी घरात शिरलो आणि भिंतीवर तो फोटो दिसला. चांद्याहून फ्रेम करून आणलेला. आत अंड्याच्या आकाराचं भोक पाडलेला जाड पुठ्ठा, आणि त्या भोकातून दिसणारी कमरेपर्यंतची बाई. डोक्यावरून पदर. काढताना तिनं मान हलवली असावी, म्हणून चेहरा पुसट आलेला. पण पदराचा काठ स्वच्छ आला होता. रुईफुली. मी बोट दाखवून म्हटलं, "माय."

मावशी चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबा जोडे काढत होते, ते खालीच बघत राहिले. मावशी उठली, हात पुसले, फोटो वरच्या खिळ्यावरून काढला आणि दगडानं दुसरा खिळा ठोकून खाली लावला, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा. मग बाहेर जाऊन झेंडूचं फूल आणलं आणि फोटोवर खोचलं. दुसऱ्या दिवसापासून रोज फूल, दोऱ्यात ओवून बाईच्या गळ्यावर येईल असं. सणावाराला हार. हार ती गळ्याच्या जागी आडवा बांधायची, लोंबता कधी सोडायची नाही.

फोटोच्या कडेला, पुठ्ठ्याच्या भोकात जेमतेम, एक काळा गोलावा दिसायचा. हे मोटारीचं मडगार्ड, एवढं मला लवकरच कळलं. "कोणती मोटार?" असं बाबांना विचारलं तर म्हणाले, "ठेकेदाराची होती, जुनी." जुनी मोटार मला आठवत होती, वेगळ्या उभ्या दिव्यांची. माझं समाधान झालं. माय आणि मोटार, माझ्या दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये होत्या. मी रोज फोटोशी बोलायचो. धडा येत नाही, गुडघा फुटला, सगळं. मावशी तिथंच भाकरी थापत असायची.

पितृपक्षात नवमीला मावशी वडे करायची, कढी, भोपळ्याची भाजी, भात. पान वाढून फोटोपुढं ठेवायची आणि मला पुढं करायची. मी हात जोडून म्हणायचो, "जेव वो माय." मावशी माझ्या मागं, दाराला टेकून उभी असायची. मी वळलो की ती डोळे पुसत असायची. बहिणीसाठी रडते, असं मला वाटायचं. मग ते पान गाईला जायचं आणि आम्ही जेवायला बसायचो.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर दोन हातांची बाई ठोकलेली. दुसरपणाची बायको पहिलीचा असा टाक घालते, म्हणजे गेलेलीचा रोष राहत नाही, असं आमच्याकडं मानतात. मावशीला नवं लुगडं आलं की नेसायच्या आधी ती ते टाकाला लावायची. ताटातला पहिला घासही टाकापुढं धरायची, मग खायची. मी मांडीवर असलो की तो ओढायचो. ती म्हणायची, "वढू नोको रे. माय हाये तुही." मला ते पटायचं नाही. माय भिंतीवर होती.

एकदा मी शहाणपणा केला. बाबांचाही फोटो होता, ठेकेदाराच्या माणसांबरोबर काढलेला. त्यावर मी झेंडूचं फूल खोचलं. मावशीनं ते पाहिलं आणि धावत येऊन ओढून काढलं. मला आयुष्यात तिनं मारलं ते तेवढंच, पाठीत एक धपाटा. "जित्या माणसाच्या फोटोले फूल वाह्यत नाई कधी! आयुष्य घटते माणसाचं." ती थरथरत होती. त्या दिवशी तिनं बाबांची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मारुतीला नारळ कबूल केला.

मावशी स्वतः फोटोत कधी उभी राहिली नाही. कॅमेरा आला की हिला हमखास आत काम निघायचं. माझ्या लग्नात मी चिडलो. सगळे ओळीनं उभे, फोटोवाला थांबलेला, आणि ही चुलीपाशी. मी आत जाऊन म्हटलं, "काऊन वो मावशी, माह्या लग्नातही नाई?" ती म्हणाली, "मले नाई जमत थे फोटोचं. तुह्या मायचा हाये ना फोटो, बस झालं." मी रागानं बाहेर आलो. तो राग मी बरीच वर्षं धरला. माझ्या मनात असंही येऊन गेलं, की हिला माझी आई व्हायचंच नव्हतं.

ती गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो निघाला नाही. पेट्या, फडताळं, नातेवाइकांचे अल्बम, सगळं धुंडाळलं. वैनगंगेत राख सोडली, रीतीप्रमाणे तो टाकही सोडला. तेव्हापासून नवमीला आईपुढं फोटो असतो, पान असतं, आणि मावशीच्या पानापुढं नुसती सुपारी. ती सुपारी मांडताना दरवर्षी मला वाईट वाटायचं, आणि तिचा रागही यायचा. एवढं काय ते अडून बसायचं फोटोसाठी?

मागच्या पावसाळ्यात आईच्या फोटोला कसर लागली. काचेच्या आत बारीक पांढरे किडे फिरताना दिसले. मी हारासकट फ्रेम पिशवीत घालून मित्राच्या दुकानात नेली. हार आता चंदनाचा होता, कायमचा बांधलेला, गळ्याच्या जागी, मावशी बांधायची तसाच. मित्र हसला. "गावभरच्या मोटारी वळखल्या भाऊ तुम्ही, घरच्या फोटोतली वळखली काय?"

"वळखली ना. ठेकेदाराची जुनी," मी म्हटलं.

त्यानं हार सोडला, मागचे खिळे उपटले, काच काढली, आणि तो अंडाकृती पुठ्ठा हलक्या हातानं सोडवला. पुठ्ठ्याआड फोटो बराच मोठा होता. कडेचा भाग इतकी वर्षं उजेडात आला नव्हता, म्हणून तो अगदी कालच काढल्यासारखा काळाभोर होता. पूर्ण मडगार्ड. त्यावर बाईचा हात, बोटांची टोकं टेकलेली. मडगार्डाच्या पोटात बसवलेला गोल दिवा. मागं पुढची काच. सलग. मधे दांडी नाही.

मी भिंग लावलं. जाळी पाहिली, बॉनेटचा उतार पाहिला. दुसऱ्या कोणाचा फोटो असता तर मी तिथंच मोठ्यानं सांगितलं असतं.

"लँडमास्टर," मी म्हटलं.

मित्रानं मान डोलावली. त्यालाही इतक्या वर्षांत माझ्यामुळं तेवढं कळायला लागलं होतं. मग तो माझ्याकडं बघायचा थांबला आणि उगीच खिळे गोळा करायला लागला. लँडमास्टर आपल्या देशात निघाली ती चोपन्न साली. माझी आई त्रेपन्नच्या उन्हाळ्यात गेली होती.

मी पुन्हा पाहिलं. मोटारीबद्दल माझी चूक व्हावी, अशी इच्छा मला पहिल्यांदाच झाली. चूक नव्हती. मग भिंग हळूहळू त्या बाईवर आणलं. पुसट चेहरा. रुईफुली काठ. पहिलीची पेटी दुसरीकडं येते, पेटीतलं चांगलं लुगडं फोटोसाठी नेसायला काढलं असणार. हार निघाल्यामुळं गळा उघडा पडला होता. काळा दोरा. दोऱ्यात बोटाच्या पेराएवढा टाक, उन्हानं चमकलेला.

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. फसवलं मला. बाबांनी फसवलं, हिनं फसवलं. माझ्या आईचा फोटो कधी नव्हताच. मी तिचा चेहरा कधी पाहिलाच नाही, आणि आता पाहणारही नाही. या वयाला आलेला माणूस दुकानाच्या बाकावर बसून लेकरासारखा रडला. मित्रानं दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि चहा सांगितला.

चहा थंड झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, माह्या बाचं एक सांगू? घरचं कोणी मेलं अन् फोटो नसला, तर लोक त्याइच्याकडं दुसऱ्याचा फोटो मागाले येत. सारख्या चेहऱ्याचा. बा नाई म्हणत. जित्या माणसाले मेल्याच्या जागी कोण बसवन? कोणाची हिंमत होईन?"

तेव्हा मला तो धपाटा आठवला. बाबांच्या फोटोवरचं फूल ओढून काढणारी ती थरथरती बाई. फूल वाहिलं की आयुष्य घटतं, हे तिच्यासाठी खरं होतं, उन्हाइतकं खरं. आणि तीच बाई रोज सकाळी स्वतःच्या फोटोवर फूल ठेवत होती. स्वतःच्या फोटोपुढं पान वाढत होती. टाक दिसू नये म्हणून हार आडवा बांधत होती. ताडून पाहायला दुसरा चेहरा नको म्हणून कॅमेऱ्यापुढून पळत होती. बाबांची दृष्ट काढली, पण स्वतःसाठी तिनं कोणाला नारळ कबूल केला होता? कोणालाच नाही. एका पोरानं एकदा काठ ओळखून "माय" म्हटलं, ते खोटं पडू नये, एवढ्यासाठी ती जन्मभर मेलेल्यांच्या ओळीत बसली.

आणि मी तिला मावशी म्हणत राहिलो. तिच्या फोटोला माय म्हणालो, तिला मावशी. ती दाराला टेकून डोळे पुसायची, ते मी बहिणीच्या नावावर मांडून टाकलं होतं.

मित्रानं विचारलं, "पुठ्ठा तोच लावू?"

"नोको," मी म्हटलं. "पुरा दिसू दे. मोटारीसकट."

"अन् हार?"

"हार लावजो. आता लावायचाच हाये. पण लोंबता लावजो. गळा झाकू नोको."

यंदा नवमीला मी सुपारी मांडली नाही. फोटो भिंतीवरून काढून पाटावर ठेवला. मडगार्डवरचा हात, दिवा, सलग काच, आणि दोऱ्यातला टाक, सगळं दिसत होतं. वडे बायकोनं केले, कढी मी ढवळली. दोन पानं वाढली, फोटोपुढं शेजारी शेजारी. एक टाकातल्या आईचं, तिचा चेहरा मला कधी कळणार नाही. दुसरं जिच्या गळ्यात तो टाक आहे तिचं.

बायको माझ्या मागं दाराला टेकून उभी होती. मी हात जोडले. इतक्या वर्षांचं तोंडपाठ वाक्य.

"जेव वो माय," मी मावशीला म्हटलं.